बेघरांचे आजोळ

वऱ्हाडातल्या एखाद्या घरातला कर्ता माणूस गेला, की तेरवी आटोपल्यावर एक प्रश्न ओसरीवर येऊन बसतो. मोठ्याने तो कुणी विचारत नाही, पण प्रत्येकाच्या मनात तोच असतो. आता या बाईने आणि तिच्या लेकराने राहायचे कुठे? पाहुणे पांगतात, देणेकऱ्यांचे तगादे सुरू होतात. मग एके दिवशी बाईचा भाऊ येतो, गाठोडे उचलतो आणि बहिणीला व भाच्याला घेऊन आपल्या गावची वाट धरतो. ज्या लेकराला असा मामा असतो ते तरते. ज्याला नसतो ते कुठे जाते, याची चौकशी करायला सहसा कुणी उरत नाही.

शेंडगावच्या झिंगराजी जाणोरकरांच्या घरावर ही वेळ 1884 साली आली. शेंडगाव हे आज अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडते. झिंगराजी परीट समाजातले. दारूने त्यांना गाठले आणि आधी घर, मग देह पोखरला. ते गेले तेव्हा मुलगा देबू आठ वर्षांचा होता. त्याचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, महाशिवरात्रीच्या दिवशीचा. त्याची आई सखुबाई ऐन उमेदीत उघडी पडली. ती मुलाला घेऊन माहेरी, दापुऱ्याला गेली. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले हे गाव. तिथे आजोबा हंबीरराव होते, मामा चंद्रभानजी होते, शेती होती, गोठ्यात ढोरे होती. आठ वर्षांच्या पोराला छप्पर मिळाले.

हाच देबू पुढे गाडगेबाबा झाला. बाबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो खराटा. शाळेतल्या चित्रात, चौकातल्या पुतळ्यात, शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानात हाच खराटा आहे आणि तो खराच आहे. परंतु बाबांच्या आयुष्याचा दुसरा धागा तेवढाच बळकट असून तो थोडा मागे पडला आहे. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांसाठी छप्परे उभी करीत राहिला. नदीकाठी घाट, तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा, शाळकरी मुलांसाठी वसतिगृहे आणि आश्रमशाळा. लहानपणी आजोळ मिळाल्यामुळे जे पोर वाचले, त्याने मोठेपणी आजोळ नसलेल्यांसाठी आजोळ बांधले, असे या आयुष्याकडे पाहता येते.

दापुऱ्याचे दिवस

आश्रित म्हणून आलेले पोर आणि घरचे पोर यांत कितीही माया असली तरी एक बारीक फरक राहतोच. आश्रिताला लवकर उठावे लागते. देबूने गुरे राखण्याचे काम अंगावर घेतले. पहाटे उठून गोठा झाडायचा, शेण भरायचे, गुरे घेऊन रानात जायचे, नदीत ती धुवायची. पूर्णेच्या पाण्यात तो पट्टीचा पोहणारा झाला. हा मुलूख काळ्याभोर जमिनीचा आणि खाऱ्या पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, पण कपाशी आणि ज्वारी जोमाने येते. गुराख्याचा शेतकरी झाला तो याच मातीत. औत धरावे तर देबूने, पेरावे तर देबूने, असा त्याचा लौकिक झाला.

गावातल्या पोरांना जमवून तो भजने म्हणू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते, पण ऐकलेले सारे त्याच्या ध्यानात राही. पुढे हजारोंच्या समुदायाला तीन-तीन तास खिळवून ठेवणारे कीर्तन ज्या गळ्यातून निघाले, तो गळा दापुऱ्याच्या भजनात तयार झाला. यथावकाश कुंताबाईशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू ठेवायला देबूने नकार दिला आणि पंगतीला गोडाधोडाचे जेवण वाढले. भाऊबंद चिडले. ज्या घरात दारूने बाप नेला त्या घरातल्या मुलाने दुसरे काय करायचे होते?

एका कागदाने केलेला घात

मामांची जमीन चांगली होती आणि चांगल्या जमिनीवर सावकाराची नजर असायची. त्या काळी वऱ्हाडात कापसाला भाव आला, तशी सावकारीही फोफावली. कर्ज घ्यायचे, फेडायचे, पुन्हा घ्यायचे आणि प्रत्येक वेळी कुठल्या तरी कागदावर अंगठा उमटवायचा. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कुणालाच वाचता येत नव्हते. कर्ज फिटले या समजुतीत चंद्रभानजी राहिले आणि एक दिवस कळले की उत्तम जमीन सावकाराच्या नावावर गेली आहे. या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. देबूने मात्र वावरात उभे राहून सावकाराच्या माणसांना विरोध केला. एका परटाच्या पोराने सावकारासमोर ताठ उभे राहावे, ही त्या पंचक्रोशीत नवलाची गोष्ट होती.

बाबांच्या पुढच्या सगळ्या कामाचा उगम या प्रसंगात दिसतो. दारूने पहिले घर नेले होते, निरक्षरतेने दुसरे घर धोक्यात आणले. छप्पर मिळणे ही एक गोष्ट आणि मिळालेले छप्पर राखता येणे ही दुसरी. ज्याला वाचता येत नाही त्याच्या डोक्यावरचे छप्पर कधीही काढून घेता येते. पुढे कीर्तनातून बाबा जेव्हा लोकांना कळवळून सांगत की जेवणाचे ताट विकावे लागले तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, तेव्हा त्या सांगण्यामागे मामांचा तो कागद असणार. बाबा हे सांगत ते पुस्तकातून शिकून नव्हे. त्यांना पुस्तक वाचताच येत नव्हते.

घर सोडलेला माणूस

1 फेब्रुवारी 1905 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूने घर सोडले. मागे आई, बायको, मुले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. लोक गाडगेबुवा म्हणू लागले. बारा वर्षे त्यांनी गावोगाव भटकंती केली. गावात शिरायचे, रस्ता झाडायचा, कुणाची लाकडे फोडून द्यायची, कुणाच्या शेतात राबायचे आणि त्याच्या बदल्यात मिळेल ती भाकरी घ्यायची. फुकट खायचे नाही, हा नेम.

या बारा वर्षांत बाबा जिथे झोपले त्या जागा म्हणजे झाडांचे पार, देवळांच्या पायऱ्या, नदीची वाळू आणि गावकुसाबाहेरची उजाड मैदाने. बेघर माणसाची रात्र कशी असते हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. थंडीत अंग आखडून कसे पडावे लागते, पावसात देवळाच्या ओसरीवरून कसे हुसकले जाते, चिंध्या पाहून दार कसे लागते, हे ज्याने अंगावर घेतले त्याने पुढे धर्मशाळा बांधल्या. त्यामुळे त्या धर्मशाळांत राहणाऱ्याची गरज ओळखलेली दिसते.

पहिले काम आपल्याच मुलखात झाले. अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचनला पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचे देऊळ आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीकाठच्या चिखलातून बायाबापड्यांना घसरत चढावे लागे. बाबांनी स्वतः फावडे हाती घेतले, लोक पाठोपाठ आले आणि पुढे तिथे पक्का घाट झाला. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा उभी राहिली. बाबांची पद्धत ठरून गेली. कीर्तन करायचे, लोकांच्या मनाला हात घालायचा, पण पैशाला हात लावायचा नाही. ज्याला द्यायचे असेल त्याने काम करणाऱ्या मंडळींकडे द्यावे, हिशेब त्यांनी ठेवावा. बाबा दुसऱ्या गावच्या वाटेला लागलेले असत.

पंढरपूरचे छप्पर

1920 च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहू लागली. त्या काळच्या पंढरपूरचे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे या कामाचे मोल कळते. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी येत. कुणी बडव्याच्या घरी, कुणी मठात, कुणी आपापल्या जातीच्या धर्मशाळेत उतरे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्याला यातले एकही दार उघडे नव्हते. देवळाचे दार बंद होते आणि रात्रीच्या आसऱ्याचेही. त्याने पावसात वाळवंटात पडून राहावे, हीच रीत समजली जाई. ज्या चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्याच नावाने बाबांनी या माणसांसाठी घर बांधले. देवळाचे दार उघडायला पुढे 1947 साल उजाडले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी, देवाच्या दर्शनापूर्वी माणसाच्या निजेचा प्रश्न सोडवायला घेतला होता.

मग आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. परंतु धर्मशाळेला एक मर्यादा आहे. ती यात्रेकरूची, दोन रात्रींची सोय. यात्रा पांगली की खोल्या ओस पडतात. ज्याला वर्षाचे बाराही महिने आसरा हवा त्याचे काय? आणि असा आसरा सर्वांत जास्त कुणाला हवा असतो? खेड्यात चौथीनंतर शाळा नसलेल्या, तालुक्याच्या गावी नातलग नसलेल्या, गरिबाच्या पोराला.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी ओळखला, त्यांनी वसतिगृहाला शाळेइतकेच महत्त्व दिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग काढले. आपल्या अमरावतीत विलायतेहून परतलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय उघडले. त्यानंतर काही वर्षांनी, 1932 साली, श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. म्हणजे वऱ्हाडातल्या या मोठ्या शिक्षणसंस्थेच्याही आधी आले ते मुलांच्या राहण्याचे घर. रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर दिवसा शाळेत बसणार कोण, हे या माणसांना उमगले होते.

बाबाही याच वाटेने गेले. 1949 साली त्यांनी पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेची इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. दान अनेक जण करतात. येथे वेगळे काय घडले ते पाहिले पाहिजे. वारकऱ्यांच्या रात्रीसाठी बांधलेले छप्पर विद्यार्थ्याच्या वर्षांसाठी वळवले गेले. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने ते त्या काळातल्या सर्वांत मोठ्या विद्वानांपैकी एकाच्या हाती सोपवले. मामांची जमीन ज्या अज्ञानामुळे गेली, त्या अज्ञानाशी झगडण्यासाठी भाच्याने आपली इमारत दिली. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेशीही बाबांचा असाच जिव्हाळा होता. 1954 साली कऱ्हाडला निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे.

बाबांच्या कामाचा सारांश म्हणून जी दहा कलमे आज ठिकठिकाणी लावलेली दिसतात, त्यांत गरीब मुलामुलींच्या शिक्षणाचे कलम आणि बेघरांच्या आसऱ्याचे कलम एकापाठोपाठ येते. त्याच यादीत बेकाराला रोजगार आहे, गरीब तरुण-तरुणींची लग्ने आहेत, खचलेल्याला धीर देणे आहे. एका अनाथ मुलाला वाढताना जे जे लागते ते सारे या यादीत आहे. मामाच्या घरी भाच्याला काय काय मिळते ते आठवून पाहा. अन्न, वस्त्र, शाळा, छप्पर, दुखण्याखुपण्यात औषध, पुढे कामधंदा, मग लग्न आणि वाईट दिवसांत पाठीवर हात. यादी तीच आहे.

स्वतःच्या घराचे काय?

एवढी छप्परे उभारणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराचे काय झाले, हा प्रश्न वाचकांच्या, विशेषतः भगिनींच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही. तो टाळूही नये. बाबांनी बांधलेल्या धर्मशाळांत ते स्वतः खोली घेऊन राहिले नाहीत. बाहेर, झाडाखाली किंवा खोपटात पडत. कुंताबाई आणि सखुबाई मूर्तिजापूरला साध्या झोपडीत राहिल्या. मे 1923 मध्ये बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबले नाही. आपल्या संस्थांवर आपल्या कोणत्याही नातलगाचा हक्क राहणार नाही, अशी कायमची व्यवस्था त्यांनी करून ठेवली. 1952 साली गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि या सगळ्या संस्थांचा कारभार विश्वस्तांकडे गेला.

या निःसंगपणाचे आपण भरभरून कौतुक करतो. पण त्याची किंमत कुणी मोजली, हेही त्याच तोंडाने सांगायला हवे. कुंताबाईंनी नवरा असताना एकटेपण सोसले. आई सखुबाईने आधी नवरा गमावला आणि मग मुलगा जगाला दिला. जगाच्या लेकरांना आजोळ मिळावे म्हणून एका घरातली दोन बाया-माणसे उन्हात उभी राहिली. बाबांचे मोठेपण त्यामुळे उणे होत नाही. मात्र त्या मोठेपणात या दोघींचा वाटा आहे आणि तो कुठल्याही पाटीवर कोरलेला नाही.

6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेले. बाबांची प्रकृती तेव्हा ढासळलेलीच होती. त्यानंतर चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरच्या मध्यरात्री, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलापाशी, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. घर सोडून एक्कावन्न वर्षे झाली होती. शेवटचा श्वासही कुठल्या घरात घेतला गेला नाही, तो वाटेवर घेतला गेला. अमरावतीत जिथे त्यांची समाधी आहे तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर

बाबांनंतरही छप्परे उभी राहत गेली. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा 1984 साली झाली. गावाकडून कर्करोगावर उपचारासाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथे उतरतात. मिशनच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालू आहेत. अमरावतीच्या विद्यापीठाला बाबांचे नाव आहे.

पण ओसरीवरचा तो जुना प्रश्न गेलेला नाही. गेल्या पंचवीस वर्षांत वऱ्हाडात किती शेतकऱ्यांनी आपला जीव संपवला हे आपण वाचत आलो आहोत. प्रत्येक बातमीच्या मागे एक सखुबाई आहे आणि एक देबू आहे. कधी मामा येतो, कधी येत नाही. मामाचीही शेती गहाण असते. शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना बाहेरगावी राहून शिकता यावे म्हणून शासनाने पंजाबरावांच्याच नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना ठेवली आहे, ही चांगली गोष्ट आहे. भत्त्याने खोलीचे भाडे निघते. रात्री ताप आला तर कपाळावर हात ठेवणारे कुणीतरी मात्र वेगळे शोधावे लागते.

ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी बालगृहे आहेत. तिथे दुसरी अडचण आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलाला बालगृह सोडावे लागते. पुढे एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची तरतूद कायद्यात आहे, पण ती प्रत्येकाच्या वाट्याला येतेच असे नाही. आपल्या घरातली अठरा वर्षांची मुले आठवा. बारावीचा निकाल लागलेला असतो, चहाची कपबशी अजून आई उचलते. त्या वयाच्या मुलीला कुणी म्हटले की उद्यापासून तुझे तू बघ, तर ती कुठे जाईल?

अमरावती जिल्ह्यातल्याच वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. रेल्वे फलाटांवर, कचरापेट्यांजवळ टाकून दिलेली अपंग आणि मतिमंद मुले त्यांनी आपली म्हणून वाढवली, बाप म्हणून स्वतःचे नाव दिले, कित्येकांची लग्ने लावली. अशी मुले अठराव्या वर्षी कुठे जाणार, त्यांना तिथेच राहू द्या, असा त्यांचा आग्रह राहिला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गाडगेबाबांच्या मुलखात हे काम व्हावे यात नवल नाही. नवल याचे आहे की असे काम बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणीच होते.

आजोळाचे वैशिष्ट्य असे की तिथे भाच्याचे वय कुणी मोजत नाही. दापुऱ्यात देबू आठव्या वर्षी आला आणि एकोणतिसाव्या वर्षी आपल्या पायांनी बाहेर पडला. मधल्या एकवीस वर्षांत त्याला कुणी मुदत घातली नाही. त्या एकवीस वर्षांनी महाराष्ट्राला गाडगेबाबा दिले. चंद्रभानजींचा पुतळा कुठे दिसत नाही. एका विधवा बहिणीला आणि तिच्या लेकराला घरात घेतले, एवढेच त्यांनी केले होते.

दरवर्षी 20 डिसेंबरला आपण बाबांच्या नावाने हाती खराटा घेतो. तो घ्यावाच. पण झाडून झाल्यावर घडीभर आपल्याच गल्लीत नजर टाकावी. तालुक्याहून शिकायला आलेला, भाड्याच्या खोलीत एक वेळ जेवणारा एखादा मुलगा तिथे असेल. बालगृहातून नुकतीच बाहेर पडलेली, कामाच्या शोधात फिरणारी एखादी मुलगी असेल. तिला आठवड्यातून एकदा घरी जेवायला बोलवायला संस्था काढावी लागत नाही. मामा व्हायला रक्ताचे नाते लागतेच असे नाही, हे वऱ्हाडच्या एका भाच्याने एक्कावन्न वर्षे उन्हातान्हात फिरून दाखवून दिले आहे.